जुना घाव आणि दर महिन्याची पाळी

"ती गोष्ट होऊन पंधरा-वीस वर्षं झाली. आता पाळीच्या तक्रारीशी तिचा काय संबंध?" हा प्रश्न स्वतः रुग्ण विचारते, तिच्या घरचे विचारतात आणि पुष्कळदा डॉक्टरांच्याही मनात तो असतो. प्रश्न रास्त आहे. घाबरतं ते मन आणि पाळी येते ती गर्भाशयातून. एकीकडचा आघात दुसरीकडे पोहोचेल कसा, आणि पोहोचलाच तर इतकी वर्षं टिकेल कसा?

या प्रश्नाचा ज्या थोड्या ठिकाणी नेटानं शोध घेतला गेला, त्यांत अमेरिकेतल्या माजी सैनिकांची रुग्णालयं महत्त्वाची आहेत. तिथं माजी सैनिकांच्या आरोग्यासाठी सरकारचं वेगळं खातं आहे. व्हेटरन्स अफेअर्स हे त्याचं नाव. देशभर पसरलेल्या त्याच्या रुग्णालयांत एकाच माणसाची मनाची आणि शरीराची दुखणी वर्षानुवर्षं एकाच नोंदीत राहतात. त्या देशात आज सुमारे वीस लाख स्त्रिया माजी सैनिक आहेत. त्यांच्या नोंदी पाहताना डॉक्टरांना जे दिसलं, ते या प्रकरणात टप्प्याटप्प्यानं पाहू.

१. कोणत्या स्त्रिया, कोणता आघात

अमेरिकी सैन्यात स्त्रियांना कायमची जागा १९४८ च्या कायद्यानं मिळाली. तीही मोजून-मापून, कारण एकूण सैन्याच्या दोन टक्क्यांहून जास्त स्त्रिया घ्यायच्या नाहीत, असं बंधन १९६७ पर्यंत होतं. वेस्ट पॉइंटच्या प्रसिद्ध लष्करी अकादमीत मुली १९७६ साली आल्या आणि लढाऊ दलांसकट सगळ्या जागा खुल्या करण्याचा निर्णय २०१५ च्या डिसेंबरात झाला. पण लढाऊ जागा नव्हती म्हणून युद्ध दिसलं नाही, असं कधीच नव्हतं. व्हिएतनाममध्ये गेलेल्या सुमारे अकरा हजार अमेरिकी स्त्रियांपैकी बहुतेक परिचारिका होत्या. त्यांच्या हातात बंदूक नव्हती. मात्र सुरुंगानं पाय उडालेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं हेलिकॉप्टरमधून आधी त्यांच्याच समोर उतरवली जात.

या स्त्रियांच्या वाट्याला येणारे आघात साधारण तीन थरांचे असतात. पहिला बालपणाचा. घरातली मारहाण आणि अत्याचार सुटावेत म्हणून सैन्याची वाट धरणाऱ्या मुली थोड्या नाहीत. दुसरा थर युद्धाचा. तिसरा आपल्याच माणसांनी केलेल्या लैंगिक छळाचा आणि बलात्काराचा, आणि तो सगळ्यात अवघड आहे. व्हेटरन्स अफेअर्सची रुग्णालयं आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला, पुरुषालाही, याबद्दल विचारतात. दर तीन स्त्रियांपैकी एक 'होय, माझ्या बाबतीत घडलं' असं सांगते. पुरुषांत पन्नासातला एक सांगतो.

हा तिसरा थर सर्वांत खोल का जातो, ते सैन्याचं रोजचं जगणं डोळ्यांपुढे आणलं की कळतं. शहरात अत्याचार झालेली स्त्री निदान घर बदलू शकते, नोकरी सोडू शकते. बराकीत राहणाऱ्या सैनिक स्त्रीला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रांगेत उभं राहावं लागतं, त्याच मेसमध्ये जेवावं लागतं, आणि ज्याच्या हाती तिचा जीव सोपवलेला आहे तोच कधी कधी गुन्हेगार असतो. खटला चालवायचा की नाही, हे ठरवणंही फार काळ वरिष्ठ अधिकाऱ्याच्याच हाती होतं. २०२० साली टेक्ससमधल्या फोर्ट हूड तळावर व्हेनेसा गिएन या वीस वर्षांच्या सैनिक मुलीचा खून झाला. तळावर तिचा लैंगिक छळ होत होता, हे नंतरच्या चौकशीत पुढं आलं. त्यानंतर उसळलेल्या संतापातून कायदा बदलला आणि २०२३ पासून हा अधिकार स्वतंत्र वकिलांकडे गेला.

सैन्यातली आणखी एक गोष्ट इथं सांगायला हवी. ती म्हणजे शरीर लपवण्याची सवय. इराकमध्ये रसदीच्या ताफ्यातले ट्रक वाटेत थांबत नसत, म्हणून कित्येक स्त्रिया लघवी लागू नये यासाठी पाणीच पीत नसत. पाळी मोहिमेत आडवी येऊ नये म्हणून गोळ्या अखंड घेत. पोटात कळा आल्या तरी सांगायचं नाही, कारण सांगितलं की 'म्हणूनच बायका नकोत' हे ऐकावं लागे. या लपवण्याचा इतिहास जुना आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात डेबोरा सॅम्पसन ही स्त्री पुरुषवेषात रॉबर्ट शर्टलिफ या नावानं लढली. मांडीत गोळी घुसली तेव्हा डॉक्टरपुढं गेलं तर गुपित फुटेल, म्हणून तिनं ती स्वतःच्या हातानं काढली असं सांगतात. माजी सैनिक स्त्रियांच्या आरोग्यसेवेसाठी २०२१ साली झालेल्या कायद्याला तिचंच नाव दिलं आहे.

२. भीतीनं पाळी थांबते का?

थांबते. याचा ठळक पुरावा दुसऱ्या महायुद्धातला आहे. १९४२ च्या जानेवारीत जपान्यांनी मनिला घेतलं आणि तिथल्या हजारो परदेशी नागरिकांना सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारात डांबलं. पुढं त्यात अमेरिकी सैन्याच्या परिचारिकाही आल्या. बंदी बनवलेल्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणींची पाळी बंद पडली. उपासमारीनं पाळी थांबते हे डॉक्टरांना ठाऊक होतंच. मात्र इथं अनेकींची पाळी छावणीत आल्यावर लगेच थांबली होती, उपासमार अंगावर दिसू लागण्याच्या कितीतरी आधी. व्हिटेकर आणि बरेरा या दोन डॉक्टरांनी १९४४ साली अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात याबद्दल लिहिलं. हाँगकाँगच्या स्टॅनली छावणीतल्या स्त्रियांवर अ‍ॅनी सिडनहॅम या डॉक्टरबाईंचा लेख १९४६ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. मनाला बसलेला धक्का गर्भाशयापर्यंत पोहोचतो, हे छावण्यांच्या भिंतींआड असं उघड झालं.

तो पोहोचतो कसा, हे समजायला पाळीची यंत्रणा थोडक्यात पाहू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. तो साधारण दर तास-दीड तासानं एका संप्रेरकाचा लहानसा झोत सोडतो. संप्रेरक म्हणजे रक्तातून निरोप नेणारं रसायन. तो निरोप खालच्या पिट्युटरी ग्रंथीला मिळतो, ती अंडाशयाला कळवते, अंडाशयात बीज पिकतं, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं तयार होतात आणि गर्भाशयाचं अस्तर वाढतं. गर्भ राहिला नाही की ते अस्तर गळून पडतं. ती पाळी. म्हणजे पाळी गर्भाशयातून येत असली तरी तिचं वेळापत्रक मेंदूत ठरतं.

धोक्याला तोंड देण्याची यंत्रणाही त्याच हायपोथॅलॅमसमधून सुरू होते. धोका दिसला की तो वेगळा निरोप धाडतो आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. साखर रक्तात येते, काळीज धडधडतं, स्नायू ताठरतात. धोक्याचा निरोप जोरात असला की पाळीचा निरोप क्षीण होतो.

दुष्काळी वर्षात धरणाच्या पाण्याचं काय होतं ते आठवा. साठा कमी झाला की पाणी आधी पिण्यासाठी राखून ठेवतात आणि कालव्याचं आवर्तन लांबवतात किंवा रद्द करतात. कालवा फुटलेला नसतो, शेतही नापीक झालेलं नसतं. वर बसलेल्यांनी ठरवलेलं असतं, की आत्ता जीव जगवायचा, पीक नंतर. हायपोथॅलॅमस हेच करतो. जिवावर बेतलेलं असताना गर्भधारणा परवडणारी नाही असं शरीर ठरवतं आणि पाळीचं आवर्तन पुढं ढकलतं. म्हणून अशा स्त्रीची सोनोग्राफी केली तर गर्भाशय आणि अंडाशय दोन्ही ठीक दिसू शकतात.

यासाठी शत्रूची छावणीच लागते असंही नाही. वेस्ट पॉइंटला १९७६ साली पहिल्या ११९ मुली आल्या, तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत त्यांतल्या पुष्कळ जणींची पाळी बंद झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. ब्रिटनच्या सँडहर्स्ट अकादमीतल्या स्त्री प्रशिक्षणार्थींचा अलीकडे बारकाईनं अभ्यास झाला. शरीरातला चरबीचा साठा फारसा घटलेला नसतानाही पाळीची यंत्रणा दबली होती. झोपेची ओढाताण, सतत कुणीतरी पारखत असल्याचं दडपण आणि श्रम हे सगळं मिळून तेवढं करू शकतं. आपल्याकडे खडकवासल्याच्या एनडीएमध्ये २०२२ साली मुलींची पहिली तुकडी आली आणि त्यांतल्या सतरा जणी ३० मे २०२५ रोजी संचलन करून बाहेर पडल्या. अशा मुलींची पाळी चुकते का याची नोंद ठेवणं हे लाजेचं काम नाही, गरजेचं आहे. पाळी महिनोन्महिने बंद राहिली की इस्ट्रोजेन कमी पडतं, हाडं ठिसूळ होतात आणि रोजच्या धावण्यानं नडगीच्या हाडाला बारीक तडे जाऊ शकतात.

३. मग वीस वर्षांनीही का?

छावणी सुटली, प्रशिक्षण संपलं की बहुतेकींची पाळी परत येते. खरा प्रश्न ज्यांचा धोका संपूनही शरीराला तो संपल्याचं कळत नाही, त्यांचा आहे. या अवस्थेला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. पीटीएसडी हे त्याचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव आता मराठीतही रुळलं आहे. मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा विकार १९८० साली आला. त्यामागं व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा रेटा होता आणि बलात्कारपीडित स्त्रियांसोबत काम करणाऱ्यांचे अनुभवही होते. प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढं येणं, दुःस्वप्नं, आठवण करून देणाऱ्या जागा टाळणं, बारीक आवाजालाही दचकणं ही त्याची लक्षणं.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. पीटीएसडी म्हणजे अंगात कॉर्टिसॉल सतत वाढलेलं, असं सर्रास लिहिलं जातं. तसं ते सरळ नाही. अनेक रुग्णांत कॉर्टिसॉल नेहमीएवढं किंवा थोडं कमीच असतं. बिघडलेली असते ती त्याची चढ-उताराची लय. लहानशा कारणानं यंत्रणा भडकते आणि शांत व्हायला वेळ लावते. म्हणूनच एका रक्ततपासणीत काही सापडलं नाही, याचा अर्थ काही बिघडलेलं नाही असा होत नाही.

पाळीच्या वेदनेचं काय? पाळीत गर्भाशय आकुंचन पावतं, कारण अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. कळा येतात त्या यामुळं. पण कळ किती जाणवणार, हे फक्त गर्भाशयावर अवलंबून नसतं. वेदनेचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो आणि वाटेत तो वाढवला किंवा दाबला जातो. ज्या शरीराला सतत सावध राहायची सवय लागली आहे, तिथं हे निरोप वाढवले जातात. मग दुसरीला सुसह्य वाटणारी कळ हिला उभी राहू देत नाही. ही वेदना खोटी नसते. मज्जासंस्था खरोखरच जास्त जोराचा निरोप पोहोचवत असते.

दुसरी गोष्ट स्नायूंची. ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून पेलणारा स्नायूंचा पट्टा असतो. भीती वाटली की खांदे आखडतात, तसा हा पट्टाही आवळला जातो. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रियांत तो वर्षानुवर्षं आवळलेलाच राहू शकतो, त्यांच्या नकळत. मग पाळीत दुखतं, संबंधात दुखतं, लघवीला जळजळतं, आणि दर वेळी मूत्रमार्गाच्या संसर्गाची औषधं दिली जातात.

झोपमोड, वजनातली चढ-उतार, सिगरेट, दारू यांचाही वाटा असतोच. बॉम्बस्फोटात डोक्याला मार बसला असेल तर पिट्युटरी ग्रंथीलाच इजा झालेली असू शकते. ते कारण मनाचं नाही, आणि ते शोधायला वेगळ्या तपासण्या लागतात.

४. पाळीआधीचा आठवडा

माजी सैनिक स्त्रिया पुष्कळदा सांगतात, की दुःस्वप्नं महिनाभर सारखी नसतात, पाळीआधीच्या आठवड्यात ती अंगावर येतात. डॉक्टरांनी हे बराच काळ मनावर घेतलं नाही. आता त्यामागचं रसायनशास्त्र बऱ्यापैकी समजलं आहे.

बीज सुटल्यावर अंडाशय प्रोजेस्टेरॉन तयार करतं. त्यापासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन हे रसायन बनतं. झोपेच्या आणि चिंताशामक गोळ्या मेंदूतल्या ज्या जागी काम करतात, त्याच जागी हेही काम करतं, म्हणजे मेंदूला शांत करतं. पाळी जवळ आली की प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं आणि हे शामक रसायनही उतरतं. बहुतेकींना थोडी चिडचिड होते आणि निभावतं. पण पीटीएसडी असलेल्या काही स्त्रियांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात हे रसायन मुळातच कमी आढळलं आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅन रॅस्मुसन यांच्या २००६ सालच्या संशोधनातून हे पुढं आलं. मुळातच कमी असलेलं शामक दर महिन्याला आणखी घटलं, तर तो आठवडा कसा जात असेल याची कल्पना करता येते.

पाळीआधी मनाची अवस्था अगदीच ढासळणं हा स्वतंत्र विकारही आहे. २०१३ पासून मानसोपचाराच्या यादीत त्याला पूर्ण जागा मिळाली. शंभरातल्या तीन ते आठ स्त्रियांना तो असतो. मग एखादीला हा विकार आहे, की मुळात पीटीएसडी आहे आणि पाळीआधी तो फक्त वाढतो? उपचार यावर ठरतो, आणि ओळखायचं साधन साधं आहे: रोजची वही. निदान दोन महिने, रोज रात्री, प्रत्येक लक्षणाला १ ते ६ गुण द्यायचे. १ म्हणजे त्रास नाही, ६ म्हणजे पराकोटीचा.

दोन कल्पित स्त्रियांच्या वह्या पाहू. पहिली चौतीस वर्षांची, इराकमध्ये रसदीचा ट्रक चालवलेली. पाळी सुरू झाल्यापासून आठव्या दिवशी ती लिहिते: दुःस्वप्न ३, चिडचिड ३, दचकणं ४. चोविसाव्या दिवशी: ५, ६, ६. पुढच्या पाळीच्या तिसऱ्या दिवशी: ३, ३, ४. दुसरीची वही आठव्या दिवशी १, १, १ दाखवते. चोविसाव्या दिवशी १, ६, ५. पाळीच्या तिसऱ्या दिवशी पुन्हा १, १, १. दुःस्वप्नं सोडली तर दोघींच्या चोविसाव्या दिवसाची पानं जवळपास सारखी आहेत, आणि डॉक्टर नेमकं तेच पान पाहून निर्णय घेतात, कारण रुग्ण त्याच आठवड्यात दवाखान्यात येते. फरक आठव्या दिवसात आहे. पहिलीचा त्रास कधीच १ वर येत नाही. तिचा मूळ आजार पीटीएसडी आहे आणि पाळी त्यात भर घालते. दुसरी महिन्यातले दोन आठवडे पूर्ण बरी असते. तिचा आजार पाळीशीच बांधलेला आहे. पहिलीला फक्त पाळीच्या गोळ्या दिल्या तर आजाराचा मोठा भाग तसाच राहील.

५. आकडे काय सांगतात

इराक आणि अफगाणिस्तानहून परतलेल्या सत्तर हजारांहून अधिक स्त्रियांच्या रुग्णालयीन नोंदींचा एक मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना पीटीएसडी किंवा नैराश्याचं निदान झालं होतं, त्यांच्यात पाळीच्या वेदना, अनियमित पाळी आणि इतर स्त्रीरोग जास्त प्रमाणात आढळले.

दुसरा पुरावा सैन्याबाहेरचा आहे, पण त्याचा आधार भक्कम आहे. १९८९ पासून १ लाख १६ हजारांवर अमेरिकी परिचारिकांच्या आरोग्याचा पाठपुरावा सुरू आहे. त्यात २०१८ साली असं दिसलं, की बालपणी अनेक प्रकारचा तीव्र आणि दीर्घ अत्याचार सोसलेल्या स्त्रियांत एंडोमेट्रिओसिसचा धोका ७९ टक्क्यांनी जास्त होता. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात आणि पाळीत असह्य दुखतं. ७९ टक्के म्हणजे शंभरातल्या एकोणऐंशी जणींना आजार झाला असं नव्हे. समजा, अत्याचार न झालेल्या शंभर जणींपैकी दहा जणींना तो होतो. मग अत्याचार झालेल्या शंभर जणींपैकी साधारण अठरा जणींना होईल. उरलेल्या ब्याऐंशींना होणार नाही.

असे अभ्यास दोन गोष्टी बरोबर चालताना दाखवतात, एकीमुळे दुसरी होते हे सिद्ध करत नाहीत. उलटा रस्ताही असू शकतो: वर्षानुवर्षं असह्य पाळी सोसणारी स्त्री आघातातून सावरायला कमी पडते. शिवाय वारंवार दवाखान्यात येणारीचं निदान जास्त होतं, हेही आहेच. मला वाटतं, डॉक्टरच्या खुर्चीतून पाहिलं तर हा वाद काहीसा बाजूला ठेवता येतो. समोरच्या स्त्रीत दोन्ही आहेत हे एकदा कळलं, की दोन्हींवर उपचार करायचे.

न विचारण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे २०१६ सालच्या एका अभ्यासातून दिसतं. पाळी जायच्या वयाआधीच गर्भाशय काढलेल्या माजी सैनिक स्त्रियांत लैंगिक अत्याचाराचा आणि पीटीएसडीचा इतिहास जास्त आढळला. रक्तस्राव आणि वेदना खऱ्या होत्या, पण वेदनेचा एक मोठा झरा मज्जासंस्थेत आणि आवळलेल्या स्नायूंत असेल, तर पिशवी काढूनही दुखणं राहतं. मराठी वाचकाला इथं गर्भाशय काढून घेतलेल्या बीडच्या ऊसतोड बायका आठवतील. त्यांची कारणं वेगळी, खाड्याच्या (कामाचा दिवस चुकला की होणाऱ्या दंडाच्या) आणि उचलीच्या (आगाऊ घेतलेल्या पैशांच्या) अर्थकारणातून आलेली. पण पाळीच्या त्रासामागं काय आहे हे न विचारता पिशवीच काढून टाकण्याची घाई दोन्हीकडे आहे.

६. तपासणीच्या खोलीत

ज्या स्त्रीवर अत्याचार झाला आहे, तिला स्त्रीरोग तपासणी म्हणजे काय वाटत असेल? कपडे उतरवून पाठीवर पडायचं, पाय वर बांधल्यासारखे, कुणीतरी वर वाकलेलं आणि 'हलू नका' असा हुकूम. कित्येकींना त्या टेबलावर तो प्रसंग पुन्हा जगावा लागतो. म्हणून त्या तपासणीच टाळतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणीही मग राहते.

व्हेटरन्स अफेअर्सची रुग्णालयं पुरुषांसाठी बांधलेली होती. तपासणीच्या टेबलाचा पायथा दाराकडे नसावा, असा नियम त्या खात्यानं केला होता. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखातपासणी कार्यालयानं २०१० साली पाहणी केली, तेव्हा स्त्रियांच्या खासगीपणाचे सगळे नियम पूर्ण पाळणारं एकही केंद्र त्यात सापडलं नाही. कुठं टेबल दाराच्या दिशेनंच होतं, कुठं तपासणीच्या खोलीला लागून स्वच्छतागृह नव्हतं. टेबल फिरवायला पैसे फारसे लागत नाहीत. दार उघडलं तर समोर कोण असेल, या विचारानं जिची छाती धडधडते, तिच्यासाठी मात्र तेवढ्यानं तपासणी शक्य किंवा अशक्य होते.

आता तिथं शिकवली जाणारी पद्धत मला फार मोलाची वाटते. आधी पूर्ण कपड्यांत बसून बोलणं. काय करणार ते आधी सांगणं आणि प्रत्येक पायरीला परवानगी घेणं. 'थांबा' म्हटलं की त्याच क्षणी थांबणं. पायांसाठीचे आधार शक्य तिथं न वापरणं. स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडून पाहण्याचं उपकरण, रुग्णाला स्वतःच्या हातानं आत घालायचं असेल तर घालू देणं. तपासणी आज नको असेल तर पुढच्या वेळी करणं.

प्रश्न विचारण्यातही तारतम्य लागतं. 'तुम्ही माजी सैनिक आहात का?' असं विचारलं की अनेक स्त्रिया 'नाही' म्हणतात, कारण माजी सैनिक म्हणजे लढलेला पुरुष हे त्यांच्याही मनात ठसलेलं असतं. 'तुम्ही कधी सैन्यात होतात का?' असं विचारलं की 'हो' येतं. आणि अत्याचाराबद्दल विचारताना तपशील मागायचे नाहीत. घडलं आहे एवढं कळलं तरी उपचाराची दिशा ठरते. या आघाताशी जोडलेले उपचार व्हेटरन्स अफेअर्समध्ये मोफत मिळतात. त्यासाठी तेव्हा तक्रार केली होती का, कागद आहे का, हे विचारलं जात नाही.

७. उपचार, आणि आधी तपासायच्या गोष्टी

पीटीएसडीवर उपचार आहेत, आणि ते स्त्रियांवर पारखलेले आहेत. २००७ साली २८४ सैनिक आणि माजी सैनिक स्त्रियांवर झालेला प्रयोग त्यातला मोठा टप्पा. ज्या आठवणी टाळल्या जातात त्या प्रशिक्षित तज्ज्ञासोबत, सुरक्षित जागी, पुनःपुन्हा उलगडायच्या, अशी ती पद्धत. आत्ताच्या अडचणींवरच बोलणाऱ्या उपचारापेक्षा तिनं जास्त आराम दिला. औषधांत सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची गोळी पीटीएसडीवरही चालते आणि पाळीआधीच्या विकारावरही. दुसऱ्या वहीतल्या स्त्रीला ती महिन्यातले शेवटचे दोन आठवडेच घेऊन भागू शकतं, पहिलीला रोज लागते. संप्रेरकांच्या गोळ्यांनी पाळी सौम्य करता येते किंवा थांबवताही येते. मात्र काहींची मनःस्थिती त्यांनी बिघडते, म्हणून वही चालूच ठेवायची. आवळलेल्या स्नायूंसाठी त्यातली जाणकार फिजिओथेरपिस्ट लागते.

आघाताचा इतिहास कळला की सगळं त्याच्यावर ढकलायचा मोह डॉक्टरांनाही होतो. तसं करणं धोक्याचं आहे. तासातासाला पॅड भिजणं, सात दिवसांहून जास्त अंगावरून जाणं, मोठ्या गाठी पडणं, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जाणं, तीन महिने पाळी न येणं, पाळी गेल्यावर वर्षभरानं पुन्हा रक्त दिसणं, यांपैकी काहीही असेल तर आधी गर्भधारणेची चाचणी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी आणि गरज पडली तर अस्तराचा तुकडा तपासणं. फायब्रॉइडची गाठ बलात्कार झालेल्या स्त्रीलाही होते आणि न झालेल्या स्त्रीलाही. तिच्यावरचा उपचार दोघींना सारखाच मिळायला हवा, आणि तो चालू असतानाच दुसरा उपचारही सुरू करता येतो.